पावसाळाभर बंद असलेल्या स्कूटरच्या टाकीत पाणी कुठून आलं?

वडिलांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर जूनमध्ये लावली, दिवाळीला काढली, तर टाकीच्या तळाशी पाण्यासारखा थर निघाला. पंपावर फसवणूक झाली का, असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगतो: तिला अजून किक मारू नका.

मी करवीर तालुक्यात ऊस करतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते आमच्याच उसाच्या मळीतून, रसातूनही निघतं. त्याचा पैसा माझ्या घरी येतो, म्हणूनच त्याचा त्रास झाकून ठेवणं मला पटत नाही.

इथेनॉल पाणी धरतं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, तेवढं इंजिन जाळून टाकतं. पाणी जास्त झालं की मात्र इथेनॉल त्याच्यासोबत पेट्रोलमधून सुटतं आणि दोन्ही तळाला बसतात. तुम्हाला दिसला तो बहुधा हाच थर. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हला, म्हणजे तळाचं राखीव पेट्रोल घेण्यावर टाकला की आधी तोच इंजिनात जातो.

यात पंपवाल्याचा दोष असेलच असं नाही. दमट हवेतून ओलावा येतो, पण हळूहळू. डोळ्यांना दिसेल एवढा थर साचला असेल तर माझा संशय झाकणाच्या रबरावर. आपल्याकडच्या पावसात झाकण जरा जरी ढिलं असलं तरी पाणी आत झिरपतं. अर्ध्या रिकाम्या पत्र्याच्या टाकीत आतून घामही धरतो.

किक मारू नका म्हणालो ते अनुभवावरून. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा फवारणीचा पंप असाच पडून होता. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात; ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, तळाच्या थरात ते जवळजवळ नसतंच. मी दोरी ओढली, पंप थोडा वेळ घरघरला आणि पिस्टन जाम. सिलिंडरसकट बदलावा लागला. आधी टाकी उघडून बघितली असती तर वाचला असता.

टाकी पूर्ण रिकामी करा, उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. वरून नवं पेट्रोल ओतून तो थर परत नीट मिसळेल या भरवशावर राहू नका. काढलेलं गटारात सोडू नका, ते शेवटी पंचगंगेतच जातं. गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या. कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) साफ करून घ्या, पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर घासूनच काढावी लागेल. जुनी रबरी नळी फुगली किंवा चिकट झाली असेल तर बदलाच. टाकीत बोट फिरवून गंजही बघा.

पुढच्या जूनमध्ये झाकणाचं रबर नवं टाका, टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलंसुरलं काढून टाका. फवारणी पंपासारख्या छोट्या इंजिनाची टाकी मात्र कोरडीच ठेवा. स्कूटर उघड्यावर लावणार असाल तर नुसत्या कव्हरवर विसंबू नका, वर पत्रा हवाच.