वॉर्डमधले प्रश्न: बीपीचा कफ, सलाईनचे थेंब आणि श्वासाचा आकडा

प्रश्न: मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. एकाच पेशंटचं बीपी मी घेतलं की १५० च्या वर येतं, इन्चार्ज सिस्टर घेतात तेव्हा १३५ च्या आसपास. माझं कुठे चुकतं? (विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर: आधी कफ, म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, तपासा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडाला छोटा कफ बांधला की आकडा हमखास जास्त येतो. नंतर हात पाहा. तो हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा. १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर बीपी ७-८ मिलिमीटरने वाढलेलं दिसतं. ठाणे स्टेशनचा पूल चढून, रांगेत उभं राहून ओपीडीत आलेल्या माणसाला पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसू द्या. मोजताना त्याच्याशी बोलूही नका.

कफची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. मनगटाची नाडी धरून हवा भरा, नाडी कुठे लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा आणि हवा पूर्ण सोडा. मिनिटभर थांबून त्या आकड्याच्या ३० वर हवा भरा आणि स्टेथोस्कोप लावून सेकंदाला २-३ मिलिमीटर या वेगाने सोडा. पहिला ठोका म्हणजे वरचं बीपी, आवाज बंद होतो तिथे खालचं. नाडीची पायरी बऱ्याच जणी गाळतात. पण काही पेशंटमध्ये, विशेषतः बीपी खूप असलेल्यांत, ठोके मध्येच काही अंतर ऐकू येत नाहीत. हवा कमी भरली असेल तर त्या शांत पट्ट्यानंतरचा ठोकाच पहिला वाटतो आणि २०० चं बीपी चार्टवर १६० होऊन बसतं. डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर मात्र कफ कधीच बांधायचा नाही.

प्रश्न: ‘५०० मिली एनएस (नॉर्मल सलाईन) चार तासांत’ अशी ऑर्डर असली की थेंबांचं गणित गडबडतं. (विद्यार्थी, कळवा)

उत्तर: मिली गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका मिलीचे थेंब, भागिले मिनिटं. तासांची मिनिटं करायला विसरणं ही पहिली चूक. दुसरी जास्त धोक्याची: प्रत्येक सेट २० थेंबांचाच धरणं. एक मिलीला किती थेंब ते पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. २० चा सेट असेल तर ५०० × २० ÷ २४० म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. १५ चा असेल तर ३१. १५ च्या सेटवर ४२ थेंब ठेवलेत तर चार तासांची बाटली तीन तासांतच संपेल. तरुण पेशंटला ते सोसेल, पण हार्ट किंवा किडनीच्या वृद्ध पेशंटला त्याने धाप लागू शकते. ६० थेंबांच्या मायक्रोसेटला गणितच नको, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

थेंब पूर्ण मिनिट मोजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा या, कारण पेशंटने कोपर वाकवला किंवा कूस बदलली तरी वेग बदलतो. मंद झालं तर क्लॅम्प, नळीची घडी, मग सुईची जागा पाहा. तिथे सूज असेल, कातडी गार आणि ताणलेली लागत असेल तर सलाईन बंद करून सिस्टरांना सांगा. नळी पिळून किंवा जोराने फ्लश करून ते चालू करू नका. आणि मागे पडलेलं सलाईन भरून काढायला वेग आपल्या मनाने वाढवायचा नाही.

प्रश्न: श्वास मोजतोय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. मग काय करायचं? (विद्यार्थिनी, नेरूळ)

उत्तर: नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून उचलू नका. नजर छातीवर न्या आणि पूर्ण एक मिनिट मोजा. न मोजता सरसकट १८ किंवा २० लिहिण्याची सवय अनेक वॉर्डांत आहे आणि ती पेशंटच्या जिवावर बेतू शकते, कारण तब्येत ढासळताना श्वासाचा वेग बऱ्याचदा बीपी पडण्याआधीच वाढतो. मोठ्या माणसात विश्रांतीला १२ ते २० ठीक. २१ ते २४ आला तर पुन्हा मोजा आणि सिस्टरांच्या कानावर घाला. २५ किंवा त्याहून जास्त, नाहीतर ८ किंवा त्याहून कमी आला तर चार्ट नंतर लिहा, आधी सिस्टरांना बोलवा.