अनुदान अडलंय ते कानातल्या टॅगवरच्या नावात

अहिल्यानगर जिल्ह्यातले एक दूध उत्पादक लिहितात: “जुलै ते नोव्हेंबर 2024 मध्ये रोज 60 लिटर गायीचं दूध गावातल्या संकलन केंद्रावर घातलं. शेजाऱ्यांना राज्य सरकारचं गायीच्या दुधावरचं अनुदान मिळालं, मला एक रुपयाही नाही. गायींच्या कानातले ओळखीचे टॅग वडिलांच्या नावावर आहेत, ते 2022 मध्ये वारले. बँक खातं माझं. डेअरी खाजगी आहे, तिथे चकरा मारून थकलो. लिटरला 7 रुपयांप्रमाणे सरकारवर केस करता येईल का?”

आधी आकडा नीट करू. सप्टेंबरअखेर दर 5 रुपयांचा होता, 7 रुपये ऑक्टोबरपासून. म्हणजे तुमची मागणी 53,000 च्या आसपास जाते.

आता मूळ मुद्दा. हे अनुदान मागायला शेतकरी थेट सरकारकडे जात नव्हता. त्याची माहिती डेअरीने पाठवायची होती. त्या माहितीत उत्पादकाचं नाव, गायींचे टॅग क्रमांक आणि आधारशी जोडलेलं खातं जुळायला हवं होतं. तुमचे टॅग दिवंगत वडिलांच्या नावावर आणि खातं तुमचं. वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकाचं नाव बदललं नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. एवढ्याशा कामाने घरातला पैसा अडला असावा. ते उद्याच करा; मागचं त्याने भरून येईलच असं नाही, पण पुढची योजना तरी हुकणार नाही.

केस कोणावर, हे एकाच गोष्टीवर ठरेल: डेअरीने तुमचं नाव पाठवलं होतं का? जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. फक्त स्वतःपुरतं विचारा: माझ्या नावाची माहिती कोणत्या तारखेला आली, आणि नाकारली असल्यास शेरा काय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

नाव पाठवूनही सरकारने नाकारलं असेल, तर वारस म्हणून कागद जोडून लेखी फेरतपासणी मागा. नाहीच ऐकलं तर उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारच्या निर्णयाविरुद्धची याचिका. तिथे यश मिळेल याची हमी देणार नाही. योजनेच्या अटी न्यायालय सहसा बदलत नाही, आणि तारखा पडत राहतात. नाव पाठवलंच नसेल, तर दावा डेअरीवर, दिवाणी न्यायालयात. तिथे चूक तिची की तुमच्या टॅगची, हा वाद होणारच. ग्राहक मंचात जाऊ नका. दूध विकणारा तिथे ग्राहक ठरत नाही.

मुदत मात्र थांबलेली नाही. अशा पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षं मिळतात. जुलै 2024 पासून धरून चाला, म्हणजे जुलै 2027 च्या आत दावा दाखल व्हायला हवा. डेअरीतल्या चकरा आणि “बघतो” ही उत्तरं ती वाढवत नाहीत. सरकारला पक्षकार करायचं असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीसही लागते.

तोवर दहा-दहा दिवसांची दूध बिलं, फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि इतर घन घटकांच्या मोजणीच्या) पावत्या आणि पासबुकाच्या नोंदी गोळा करा. केंद्रचालकाने उचल कापून उरलेली रक्कम रोख दिली असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. योजनेत पैसे खात्यावर जमा होणं बंधनकारक होतं.