दोन सबवूफर, चार कॉइल आणि तापणारा अॅम्प

प्रश्न : माझ्या गाडीच्या डिकीत १२ इंची दोन सबवूफर आहेत, दोन्ही ४ ओहम डबल कॉइल (प्रत्येकात ४-४ ओहमच्या दोन कॉइल). मोनोब्लॉक (एकाच चॅनेलच्या) अॅम्पवर '६०० वॉट, किमान २ ओहम' असं छापलंय. बसवणाऱ्याने सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र जोडले. बेस दणदणीत येतो, पण देवगडहून कणकवलीला पोचेपर्यंत अॅम्पचा लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. चवथीला मुंबईहून भावंडं यायच्या आत हे सुधारायचंय. मोठा अॅम्प घेऊ का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मोठा अॅम्प मुळीच घेऊ नका. दोष जोडणीत आहे. ४ ओहमच्या चार कॉइल समांतर जोडल्या की अॅम्पला दिसतो फक्त १ ओहम. समजा तो २० व्होल्ट सोडतोय, तर ४ ओहमवर ५ अँपिअर वाहतात, २ वर १० आणि १ वर थेट २०. हा भार पेलत नाही म्हणून तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. असं रोज होत राहिलं तर एक दिवस खरोखरच जळेल, तेव्हा ही जोडणी आजच सोडवा.

तुमच्या दोन वूफरना सारखी पॉवर द्यायची तर १, ४ किंवा १६ ओहम एवढेच पर्याय आहेत. २ ओहम जमतच नाहीत, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. तुम्ही ४ घ्या. प्रत्येक वूफरमध्ये पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडा. उरलेल्या दोन टोकांत ८ ओहम मिळतात. मग दोन्ही वूफरचे उरलेले प्लस एकत्र करून अॅम्पच्या प्लसला, मायनस मायनसला. ८ आणि ८ समांतर, म्हणजे ४.

'पण मग वॉट निम्मे होतील!' होतील, साधारण ३००. तरी वाईट वाटून घेऊ नका. निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबलचा फरक, आणि दोन वूफर एकत्र हलल्यामुळे जवळपास तेवढाच फायदा परत मिळतो. एकाच वूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडून २ ओहमवर पूर्ण ६०० वॉट दिले तरी आवाज साधारण एवढाच निघेल, वर त्या एकट्यावर सगळा ताण. डिकीत सामानाला जागा हवी असेल तर मात्र तोही मार्ग वाईट नाही, फक्त वूफर ६०० वॉट आरएमएसचा, म्हणजे तेवढे वॉट सतत पेलणारा हवा.

कॉइल उलटी जोडली गेली तर बेस जवळजवळ नाहीसाच होतो, म्हणून अॅम्पला लावण्याआधी पेन्सिल सेलने तपासा. सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर सरकला पाहिजे, चारही कॉइलला. हे मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं, कारण टर्मिनलवरचे लाल-काळे रंग काही वेळा चुकलेले असतात. नंतर अॅम्पकडची दोन टोकं सुटी ठेवून मल्टिमीटर लावा. ३.२ ते ३.८ च्या आसपास आकडा आला की जोडणी बरोबर. पूर्ण ४ दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. मीटर कॉइलचा डीसी रोध मोजतो आणि तो छापील आकड्यापेक्षा कमीच असतो. १ च्या खाली दिसलं तर अजून सगळं समांतरच आहे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक पाहावं लागतं. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो. डिकीतल्या अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडलेला आहे का, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हिरवी पडली आहे का, ते उघडून बघा. तिथे रोध वाढला की अॅम्पला व्होल्टेज कमी पोचतं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण आपल्या हवेत मी ती कुणालाच सुचवत नाही. शुद्ध तांब्याची, शक्यतो कथिलाचा थर दिलेली घ्या. मुख्य वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा.

नवी जोडणी झाल्यावर अॅम्पवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) पूर्ण खाली आणा आणि हळूहळू वाढवा. कमी झालेले वॉट भरून काढायला तो शेवटपर्यंत फिरवलात तर सिग्नल फाटेल आणि या वेळी कॉइल जळतील.