देवावर रागावलं तर चालतं का?

हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा येतो की एकदा यावर नीट लिहायचं ठरवलं. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाच्या मुलाचं आजारपण संपत नसतं. प्रश्न विचारताना आवाज मात्र सगळ्यांचाच खाली येतो, पलीकडच्या खोलीत कुणी ऐकत असावं तसा.

एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. यजमान अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते आणि गेले. ताई मूळच्या श्रद्धाळू.

"देवाचं काही चुकत नसतं," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. "माझीच श्रद्धा कमी पडली असेल."

"प्रार्थना करता अजून?"

"करते. हजेरी लावल्यासारखी."

चार भेटी आम्ही देवाबद्दल बोललो. तो परीक्षा घेतो का, हे मागचं काही फेडणं असतं का. ताई मुद्देसूद बोलत. हात मात्र सारखा पर्सच्या चेनवर, उघड-बंद, उघड-बंद. पाचव्या भेटीत मी विचारलं, "हे सगळं मला सांगताय. त्याला सांगितलंत?"

"त्याला कसं सांगणार?"

"इथंच सांगा. मी गप्प बसते."

बराच वेळ गेला. चेन थांबली. मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. मी जिन्यात बसून रडत रडत तुझे आभार मानले. तुला तेव्हा माहीत होतं ना? मग घेतलेस कशाला? परत दे माझे आभार."

बोलून झाल्यावर त्या दचकल्या. मी एवढंच विचारलं, "अजून काही राहिलंय?" पुढची वीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत.

चार भेटी 'तो' म्हणणाऱ्या ताई त्या दिवशी 'तू' म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या कामात मी या एका शब्दाची वाट बघायला शिकले आहे. राग आधी शांत करावा असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याच्याशी काही देणंघेणंच उरलेलं नाही, त्याच्यावर कुणी इतकं रागावत नाही.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट मला याच कारणासाठी फार जवळची वाटते. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत, सगळं गेलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसतात. तिथवर ते खरे मित्र. बोलायला लागतात तेव्हा देवाची बाजू मांडत सुटतात, पण देवाशी मात्र एक शब्दही बोलत नाहीत. ईयोब थेट त्यालाच जाब विचारतो. आणि शेवटी, 42व्या अध्यायात, देव त्या मित्रांवरच रागावतो. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असं सांगतो. आपल्याकडे दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी तर 'माझे लेखी देव मेला' असंही म्हटलं. तो अभंग गाथेत आजही आहे, कुणी गाळला नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, पाठ केलेले शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. आपल्या रोजच्या भाषेत बोला, जमलं तर मोठ्यानं. 'जगात दुःख का आहे' असं विचारू नका, तो प्रश्न परका आहे. तुमचा दिवस सांगा, तो जिना सांगा. आणि लगेच 'पण तुझी इच्छा' असं जोडून वाक्य गोड करू नका. घरच्यांनी त्या सात दिवसांतल्या मित्रांसारखं जवळ बसावं, 'का'चं उत्तर देऊ नये. एक मात्र आहे, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थनेच्या जोडीनं डॉक्टरांकडेही जायचं, आणि वाट बघत न बसता जायचं. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

ताई नंतर तीन वेळा आल्या. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "उत्तर मिळालं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण काल त्यांच्या चष्म्याचं घर सापडलं, कपाटात मागे. मुलांना सांगायच्या आधी त्याला सांगितलं. भांडलेही थोडी."