प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून मुलींच्या लग्नाच्या अपेक्षा अवास्तव होतात का?

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी खाली जो तपशील दिलाय तो आधी थोडक्यात लिहिते. बहीण ३४ वर्षांची आहे, नोकरी करते, सतत वाचत असते, आलेली स्थळं नाकारते, घरच्यांचं म्हणणं की या कादंबऱ्यांनीच तिचं डोकं फिरवलंय. तर हे खरं असू शकतं का आणि तिला कसं समजवावं.

खरं नाही. समजवायचं काय ते खाली येईलच.

मला तर वाटतं हे म्हणणाऱ्यांनी मराठी प्रेमकथा वाचलेल्याच नसतात. आपल्याकडच्या चांगल्या प्रेमकथा वाचून पुरुषांबद्दलच्या अपेक्षा वाढतील कशा, असलेल्या पण कमी होतात. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या, १९३९ ची. बोटीवर ती जर्मन ज्यू मुलगी हॅर्टा नायकावर, चक्रधरवर, जीव ओवाळून टाकते आणि हा मुंबई आली की उतरून जातो, ती पुढे समुद्रात उडी घेते. हे वाचून कुठली मुलगी म्हणणार आहे की आई मला असाच चक्रधर बघ? मोठ्या गाड्या आणि सूटबूटवाले हिरो सिरियलमध्ये असतात, आणि सिरियल तर घरातले सगळे जेवताना एकत्र बसून बघतात, तेव्हा नाही कोणाचं डोकं फिरत.

आता मी का एवढी चिडून लिहितेय ते सांगते. मी ४३ ची, लग्न केलेलं नाही, डोंबिवलीला राहते, दादरला एका सहकारी बँकेत आहे. माझं वाचन सगळं लोकलमधलं, जाताना उभ्याने आणि येताना चौथी सीट मिळाली तर बसून. आमच्या लेडीज डब्यात संध्याकाळी निम्म्या बायका मटार सोलत असतात नाहीतर मेथी निवडत असतात आणि मी पुस्तक घेऊन, त्यामुळे ग्रुपमध्ये माझं नाव 'मास्तरीण' पडलंय, त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्याबद्दलही आमच्या नातेवाइकांत हेच वाक्य फिरलंय, शब्दाला शब्द. हिला पुस्तकातला हिरो हवा होता म्हणून राहिली.

हिरो कसा होता ते ऐका. आमच्या इथल्या लायब्ररीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, अंक बदलायला दिवाळीनंतर लाईन लागते, त्या लाईनीत भेटला. पाटबंधारे खात्यात होता, टक्कल पडायला लागलेलं, आणि अंक कशासाठी न्यायचा तर वार्षिक राशिभविष्यासाठी! कथा-बिथा काही नाही. सगळ्या अंकांतली कन्या रास वाचायचा आणि ज्यात चांगलं लिहिलंय तो अंक खरा मानायचा. मी एकदा म्हटलं अहो निदान एक कथा तरी वाचा, तर त्याने वाचली, आणि पुढच्या वेळी मला म्हणाला की त्या बाईने शेवटी घर सोडलं ते ठीक आहे पण डिपॉझिटचं काय झालं ते लेखकाने लिहिलंच नाही. मी तिथे उभी राहून एवढी हसले की काऊंटरवरच्या काकूंनी वर बघितलं. त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला, आता बोला. आयुष्यभर कादंबऱ्या वाचलेली बाई कन्या राशीवर भाळली.

पुढे दोनेक वर्षं चांगली गेली. दिवाळी पहाटेला फडके रोडवर पण गेलो, आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं नवे कुर्ते घालून सेल्फी काढतायत आणि मधे आम्ही दोघं, मी बँकेत प्रमोशनची परीक्षा दिलेली आणि त्याला बीपीची गोळी सुरू झालेली. स्टेशनवर माझी गाडी लेट असली की दोन वडापाव घेऊन उभा असायचा, त्यातला एक गार झालेला स्वतः खायचा. रोमान्स म्हणजे मला तरी एवढाच ठाऊक आहे आणि तो पुरेसा होता.

मग बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. आई आधीच नव्हती. भाऊ पुण्याला, वाकडला फ्लॅट, त्याचे हप्ते, मुलगा लहान. मी एकटी बाबांजवळ. दिवसा एक बाई ठेवली होती, रात्री मी. आता यात तो 'हिरो' काय म्हणाला असेल? म्हणाला लग्न करू आणि बाबांना आपल्याकडेच ठेवू, माझी आई पण आहेच, दोघांना सोबत होईल. खरंच म्हणाला. मी हे भावाला सांगितलं तर तो म्हणतो छे, मुलीच्या सासरी बाप राहतो का, लोक काय म्हणतील. बरं मग तू घेऊन जा पुण्याला. तर आत्ता जमणार नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टचं काम चालू आहे, बघू. हे 'बघू' किती लांबलं तर लिफ्ट सुरू झाली, बंद पडली, परत दुरुस्त झाली. बाबांनी तोंडाने कधी म्हटलं नाही की तू लग्न करू नकोस, पण कर असंही कधी म्हटलं नाही. तो थांबला बऱ्यापैकी. मग नाशिकला बदली घेतली, तिथे लग्न केलं, पत्रिका पाठवली होती, मी आहेर पाठवला. त्याच्यावर माझा राग नाही.

बाबा गेल्यावर भाच्याची मुंज झाली पुण्यात. पंगतीत जिलबी वाढून झाली होती आणि शेजारी बसलेली आमची मावशी मठ्ठ्याचा घोट घेत मला म्हणते, काय गं, अजून कादंबऱ्या वाचतेस का, वहिनी सांगत होती चांगला इंजिनिअर मुलगा होता पण तुझ्या अपेक्षा फार. वहिनी समोरच्याच पंगतीत तूप वाढत होती, तिने ऐकलं आणि तूप वाढत पुढे गेली. म्हणजे घरात जे झालं ते सगळं पुसून तिथे पुस्तकं ठेवली. सोपं आहे ना, पुस्तकं काही उलट बोलत नाहीत.

त्याच सुमारास मी 'कळ्यांचे निःश्वास' वाचलं, नाव ऐकून माहीत होतं पण वाचलं नव्हतं. १९३३ चं पुस्तक, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेलं, शिकलेल्या आणि लग्न न झालेल्या मुलींच्या गोष्टी. तेव्हा एवढा गदारोळ झाला की ही विभावरी कोण याचा लोक शोध घेत होते, ती निघाली हिंगण्याच्या कन्याशाळेत शिकवलेली बाळूताई खरे. त्यात हेच आहे हो, मुलगी कमावते, तिच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिच्या लग्नाचं कोणी मनावर घेत नाही. नव्वद वर्षांपूर्वीचं. मी विद्याविहार ते ठाणे उभ्याने वाचत होते आणि कानशिलं तापली होती. तेव्हा पुस्तकाने माझ्या कुठल्या अपेक्षा वाढवल्या असतील तर त्या भावाकडूनच्या, नवऱ्याकडूनच्या नाहीत. (आणि या बाळूताईंनी स्वतः लग्न केलं १९३८ साली, म्हणजे ३२-३३ व्या वर्षी, त्याच 'रणांगण'वाल्या बेडेकरांशी, आणि पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. तेव्हा तुमच्या बहिणीच्या ३४ चं एवढं टेन्शन घेऊ नका.)

तर दादा, तुम्ही भाऊ आहात म्हणून विचारते. बहिणीच्या पगारातून घरात किती जातं? आईवडिलांचा मेडिक्लेम कोण भरतं? त्यांना डॉक्टरकडे नेताना रजा कोणाची पडते? तिने जी स्थळं नाकारली त्यांत 'लग्नानंतर माहेरी पैसे द्यायचे नाहीत' म्हणणारे किती होते, हे तिला कधी नीट बसून विचारलंय का? हे न विचारता कादंबऱ्यांवर यायचं म्हणजे पाय घसरला म्हणून चपलेला शिव्या घालणं.

एक कबूल करते, वाचनाचा थोडा त्रास होतो. चांगलं बोललेलं, चांगलं लिहिलेलं कानाला सवयीचं झालं की कांदेपोह्याच्या कार्यक्रमात 'तुमच्या हॉबीज काय' असं तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसासमोर बसवत नाही. तेवढी घाई होते उठायची. तो दोष असेल तर असू दे. आणि एकटं राहणं म्हणजे सगळं छान असंही मी म्हणणार नाही. जेवताना डब्याला टेकवून पुस्तक ठेवलं की कोणी ओरडत नाही हे सुख आहे, पण एखादा परिच्छेद असा येतो की कोणालातरी वाचून दाखवावासा वाटतो, तेव्हा मी फोटो काढून ट्रेनच्या ग्रुपवर टाकते आणि खाली सहा अंगठे येतात. गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' पाशी पेन अडलं, शेवटी शेजारच्या काकांनी सही केली. हे असतं. लग्न झालेल्यांचं काय काय असतं ते पण मी ट्रेनमध्ये रोज ऐकते.

शिवाय तुमच्या घरी सगळं वेगळं असेलही, तुम्ही चांगले भाऊ असाल, तिला खरंच लग्न नको असेल किंवा कोणी आवडतच नसेल. मग तर विषयच मिटला, तिला वाचू द्या.

पण दोन गोष्टी सांगूनच ठेवते. उद्या गावच्या घराच्या वारसनोंदीचा विषय निघेल तेव्हा तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवून 'नुसती सही करायचीय' असं म्हणू नका. मला म्हटलं होतं, वर 'एकटा जीव सदाशिव, तुला काय करायचंय घर' असंही. मी सही केली नाही, अजून बोलणं जेमतेम आहे. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून, हे आता सगळ्यांना माहीत असतं, फक्त सहीच्या दिवशी विसरतात.

दुसरं, तिला मृत्युपत्र करायला सांगा, ३४ व्या वर्षी सुद्धा. अविवाहित हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जातं, म्हणजे बहुतेक घरांत भावाकडेच. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, एवढंच. मी माझं केलंय. भावाला फोनवर सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, फ्लॅट कोणाला. मी काही सांगितलं नाही. मग मागून वहिनीचा आवाज आला, विचार त्यांना एवढ्या पुस्तकांचं काय करणार. म्हटलं, ती सगळी वहिनीच्या नावावर केलीयत.