ॲप राहू द्या, आधी भरलेले कागद गोळा करा

ताई, तुमचा प्रश्न असा: तीन तालुक्यांत वनहक्क, तेंदू (बिडीची पानं) आणि माहिती अधिकारावर काम करणारे चाळीसेक कार्यकर्ते आहेत, प्रत्येकाच्या पिशवीत कागद आहेत, पण एकाचे दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. मग सगळ्यांसाठी ॲप बनवावं की वेबसाइट? माझं ऐकाल तर पहिलं वर्ष दोन्ही नको.

आमच्या भागात आम्ही हा उद्योग दोनदा करून बसलो आहोत. पहिल्यांदा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. महिन्याभरात सकाळची गुलाबं, वाढदिवस आणि शासन निर्णयांचे अर्धवट कापलेले फोटो. उन्हाळ्यात टाकलेली पीडीएफ पावसाळ्यात कुणालाच सापडेना, की सुरू, "परत टाका ना भाऊ." दुसऱ्यांदा एका हुशार पोरानं वेबसाइट करून दिली. त्याला नोकरी लागली, पासवर्ड त्याच्यासोबत गेला, वर्षाची फी कुणी भरली नाही. झालं.

चूक साधनात नव्हती, बाप्पा. आम्ही कोरे अर्ज गोळा करत होतो, आणि कोरे अर्ज कुठेही मिळतात. अडतं ते भरताना. सामूहिक वनसंसाधनाच्या, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या सामूहिक हक्काच्या दाव्यात पुराव्याच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं, निस्तार पत्रकाची (जंगल, चराईवरच्या गावाच्या जुन्या वहिवाटीची सरकारी नोंद) नक्कल कशी जोडायची, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब कोणत्या शब्दांत घ्यायचे, सीमेवरचा नाला आणि मोहाचं झाड कसं नोंदवायचं, हे पाहायला भरलेला आणि मंजूर झालेला दावाच लागतो. नामंजूर झालेला त्याहून कामाचा, पण शेऱ्यासकट. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. शेरा वाचलेला माणूस पुढच्या गावात तीच चूक करत नाही. माहिती अधिकाराचंही तसंच. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प सगळ्यांनाच माहीत असतं. कोणत्या शब्दांत विचारलं तर टोलवाटोलवी न होता उत्तर आलं, ते कुणी सांगत नाही.

कागदावर साल टाका, ही दुसरी गोष्ट. ठेच लागून शिकलो म्हणून सांगतो. आमच्या ग्रुपवर वनहक्काच्या २००८ च्या नियमांची पीडीएफ फिरत होती. त्यात ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन-तृतीयांश. २०१२ च्या दुरुस्तीनं तो निम्म्यावर आला, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात असं ठरलं. एका गावानं जुना कागद प्रमाण मानून दोनदा सभा तहकूब केली. लोक मजुरी पाडून आले होते. ती पीडीएफ मीच टाकली होती, आता बोला. तेव्हापासून जुना नियम दिसला की फाइलच्या नावातच "रद्द" असं लिहितो. शासन निर्णय असेल तर फोटो घेतच नाही, फक्त त्याचा अठरा आकडी सांकेतांक मागतो. त्याची सुरुवातच वर्ष, महिना, तारखेनं होते, त्यामुळे कागद कधीचा आहे ते लगेच कळतं आणि शासनाच्या साइटवर मूळ प्रतही मिळते.

व्यवस्था म्हणाल तर साधी. बोलायला व्हॉट्सॲप राहू द्या. कागदांसाठी टेलिग्रामवर एक चॅनेल, टाकणारे दोघंच, पाहणारे सगळे. आज आलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासूनचं दिसतं. फाइलचं नाव तालुका, विषय, वर्ष आणि शेवटी मंजूर की नामंजूर. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आलं तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर मोबाइलवर किडे-मुंग्या दिसतात आणि शोधूनही काही सापडत नाही.

त्या दोघांपैकी एकाला थोडं मानधन द्या. फुकटची राखण तीन महिने टिकते.

टाकण्याआधी आधार क्रमांक, पासबुक, फोन नंबर झाकायचे, यात तडजोड नको. आमच्याकडे एका एकल महिलेचा पूर्ण दावा तसाच फिरला आणि ज्याच्याशी तिचा जमिनीचा वाद होता त्याच्याच हाती पोचला. तिची समजूत काढायला गेलो तर तिनं चहासुद्धा विचारला नाही. बरोबरच होतं तिचं.

माडिया, गोंडी बोलणाऱ्यांसाठी लिखाणावर भिस्त ठेवू नका. शेजारच्या छत्तीसगडात सीजीनेट स्वरानं साध्या फोनवरून बोलून बातमी नोंदवायची सोय केली, तिथून आम्ही धडा घेतला. प्रत्येक महत्त्वाच्या कागदासोबत दोन मिनिटांचा ऑडिओ. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडे रेंज मिळेल तिथे लोक उतरवून घेतात आणि गावात जाऊन ऐकवतात.

एक कुंपण मात्र घालाच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात चर्चा, निर्णय ग्रामसभेत. तुमचा ग्रुप हा अभ्यासगट समजा. "ग्रुपवर ठरलं" हे वाक्य ऐकू आलं की त्याच दिवशी हटकायचं.

आणि लोक चॅनेल उघडतील कशासाठी? तेंदूच्या भावासाठी. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची स्टँडर्ड बॅग, महाराष्ट्रात हिशेब सगळीकडे तोच. पण लिलावाआधी ठेकेदार प्रत्येक गावाला सांगतो, शेजारच्यांनी एवढ्यातच दिलं. ज्या ग्रामसभा स्वतः विकतात त्यांचे करारातले भाव आणि पैसे देण्याच्या अटी मार्च-एप्रिलमध्ये चॅनेलवर टाका. आमच्याकडे एका म्हाताऱ्या पाटलानं नातवाकडून फोन घेऊन ठेकेदारासमोरच शेजारच्या गावाचा करार उघडला होता. चॅनेलचा उपयोग काय, हे त्यानंतर आम्हाला कुणाला समजावावं लागलं नाही.

तुमच्या चाळीस जणांकडून एकेक भरलेला कागद मागा. दहा जरी आले तरी सुरुवात करा. कोरमचा ठराव आणि दोन नामंजूर दावे शेऱ्यांसकट मी पाठवतो. नावं झाकायला दोन दिवस द्या.