व्हॅन पनवेललाच ठेवा, मुंबई लोकलने बघा

कोल्हापूरहून कॅम्पर केलेली (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली) ट्रॅव्हलर घेऊन शनिवार-रविवार मुंबई दाखवायची, सोबत दोन पोरं आणि आई, आणि रात्री मरीन ड्राइव्हला गाडी लावून झोपायचं, असा प्लॅन लिहिलाय तुम्ही. त्यातलं झोपायचं तेवढं डोक्यातून काढा दादा. मीही तेच ठरवून गेलो होतो. रात्री दोनला काचेवर काठीची टकटक, पडदा सारला तर हवालदार, आत टॉर्च मारून शेगडी बघितली, झोपलेली पोरं बघितली आणि म्हणाला, "साहेब, हे घर आहे का गाडी? काही असो, इथनं हलवा." माणूस चांगला होता, आणि २६/११ नंतर किनाऱ्याला पडदे लावलेली मोठी गाडी रात्रभर उभी दिसली तर विचारणारच ना. मग बायको मागे भांडी धरून बसलेली, पोरं अर्धवट झोपेत आणि मी जागा शोधत शोधत पहाटे वाशीला.

दिवसा पार्किंगचंही तेच. आमची गाडी वरचा फॅन आणि सोलर धरून साडेनऊ फूट होते, आणि बेसमेंट किंवा मजल्यांच्या पार्किंगच्या तोंडाशी सात फुटांवर लोखंडी दांडा. मागे वळायचं तर पाठीमागे हॉर्नची रांग. गॅसची टाकी दिसली की मॉलवाले आत सोडत नाहीत ते वेगळंच. आणि उकाडा! लोणावळ्यात पांघरूण घेऊन झोपलेलो आम्ही मुंबईत खिडकी उघडली तर डास, बंद केली तर घाम, बॅटरीवर एसी काही चालत नाही.

म्हणून आता मी गाडी पनवेल, खारघर, बेलापूर ह्या पट्ट्यातच ठेवतो. सिडकोची स्टेशनं ऐसपैस आहेत, उघड्यावरचं पे अँड पार्क मिळतं, फक्त रात्रभर ठेवू देतात का ते आधी विचारा, आणि आई सोबत आहेत तर एक रात्र साधं लॉज घ्याच, तिथल्या आवारात गाडी लावता येते का हे फोनवरच उंची सांगून विचारा. पनवेलहून हार्बर लाइनने सीएसएमटी साधारण सव्वा ते दीड तास. लोकल पनवेलवरूनच सुटते त्यामुळे बसायला मिळतं. शनिवारी सकाळी दहाच्या आत आईंना घेऊन निघू नका. रविवारी गर्दी कमी, पण मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आहे का ते आदल्या दिवशी बघाच, नाहीतर पोरं प्लॅटफॉर्मवर आणि तुम्ही मोठी माणसं एकमेकांवर चिडलेली. गेटवे, म्युझियम सीएसएमटीहून टॅक्सीने. राणीच्या बागेला हार्बर जात नाही, सीएसएमटीला बदलून भायखळ्याची स्लो पकडा. पुढे कधी वार बदलला तर राणीची बाग बुधवारी आणि एलिफंटा सोमवारी बंद असते.

टोलचं विचारलंय. मुंबईच्या पाच एंट्री नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, अटल सेतूला मात्र भरावा लागतो. पण गाडी पनवेललाच ठेवलीत तर दोन्हीचा संबंधच येत नाही.

पाणी भरणं आणि टॉयलेटची टाकी रिकामी करणं खोपोलीच्या आधीच उरकून घ्या, शहरात गटारात सोडायला जाल तर लोक भांडायला येतील आणि ते बरोबरच असतील.

हां, आणि कळंबोलीला गाडी बाजूला घेऊन फोनवर बोलत थांबू नका. मी थांबलो होतो, तेवढ्यात तिघं प्रवासी गाडी समजून "पुणे का? पुणे का?" करत दार सरकवून आत, एक जण तर बॅग मांडीवर घेऊन आमच्या बेडवर बसलासुद्धा.